मोजलेलं प्रायश्चित्त

फार मागे, कुणाच्याही घरात घड्याळ नव्हतं आणि गावाचा दिवस देवळाच्या घंटेवर उगवायचा आणि मावळायचा, तेव्हाची ही गोष्ट. ऐका लहानांनो. आणि लहानांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

समुद्रापासून थोडं आत, केळीच्या वाड्यांमध्ये एक ख्रिस्ती गाव होतं. तिथले लोक चर्चला देऊळच म्हणत. त्या गावात बस्त्याव नावाचा सुतार राहायचा. तो विहिरींवरचे रहाट बनवायचा आणि बिघडलेले दुरुस्त करायचा. त्याच्या बायकोचं नाव आपोलिन. ती अंगणामागच्या तुकड्यात मोगरा, अबोली, सोनटक्का लावायची आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. घरात तिसरी होती बस्त्यावची आई.

दोघांचं लग्न त्याच देवळात झालं होतं. सुखात आणि दुःखात मी तुझ्याशी एकनिष्ठ राहीन, असं दोघांनी सगळ्या गावासमोर म्हटलं होतं. तिने म्हटलं आणि विसरूनही गेली, जसं आपण श्वास घेतो हे विसरतो. त्याने म्हटलं आणि तिने म्हटलेलं तेवढं लक्षात ठेवलं.

एकदा गावात एक लग्न होतं. मांडवात इनास नावाचा माणूस व्हायोलिन वाजवत होता. नवऱ्यामुलाचा लठ्ठ बाप नाचायला लागला, तसा इनास मध्येच थांबून ओरडला, "हळू काका, हळू! मांडव भाड्याचा आहे!"

सगळे हसले. आपोलिन सगळ्यात मोठ्याने हसली. तिचं हसू तसंच होतं, दोन वाड्या पलीकडे ऐकू जायचं.

घरी परतताना बस्त्याव म्हणाला, "एवढं हसण्यासारखं काय होतं?"

"अहो, मांडव भाड्याचा आहे म्हणाला ना तो!"

"मीही ऐकलं. मला नाही आलं हसू."

"मग तुमचं पोट बिघडलं असेल," असं म्हणून ती पुन्हा हसली. तो हसला नाही. त्या दिवसापासून त्याच्या मनात एक बारीकसं काहीतरी टोचायला लागलं, आणि ते काढून टाकण्याऐवजी तो ते रोज दाबून बघू लागला.

तो कामावरून परत यायचा आणि पाय धुण्याआधी विचारायचा.

"कुठे होतीस?"

"बाजारात."

"बाजार तर कधीच उठला."

"फुलं उरली होती. देवळात देऊन आले."

"देवळात कोण होतं?"

"देव होता," आपोलिन म्हणायची. आधी ती हे हसून म्हणायची. मग हसणं गेलं. मग एक दिवस असा आला, की तो विचारायच्या आधीच ती सांगू लागली. आज इथे गेले होते, हिला भेटले होते, त्या वळणावर थांबले कारण चप्पल तुटली होती, ही बघा चप्पल.

इनास रस्त्यात दिसला की ती पदर पुढे ओढून पलीकडच्या कडेला जायची. बिचारा इनास! आपण हिचं काय वाकडं केलं, ते त्याला कळेना. बाजारातही ती खाली मान घालून बसायची. गिऱ्हाईक काही गमतीने बोललं तर तोंडावर हात धरायची. फुलं विकायची, पण स्वतःच्या केसात एकही माळायची नाही.

तिला लाज वाटत होती. तिने काही केलं नव्हतं, तरी वाटत होती. लाज ही फार आंधळी असते बघा. ज्याच्या घरी जायचं असतं ते घर सोडून ती शेजारच्या दारात जाऊन बसते, आणि शेजारचे तिला बाहेर काढायलाही लाजतात. आपोलिनने हे कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? माझा नवरा मला तसली समजतो? हे वाक्य उच्चारायचं म्हणजे तो शब्द आपल्याच तोंडाने आपल्याला लावायचा.

दर शनिवारी संध्याकाळी गावातले लोक देवळात पापनिवेदनाला जात. लाकडी जाळीच्या आड फादर बसलेले असत. माणसाने त्यांच्या कानात आपल्या चुका सांगायच्या. फादर थोडा उपदेश करत आणि प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना सांगत. मग त्या माणसाने पुढच्या बाकावर गुडघे टेकून तेवढ्या प्रार्थना म्हणायच्या आणि हलक्या मनाने घरी जायचं.

त्या गावात एक खुळा समज होता. जो बाकावर जास्त वेळ गुडघे टेकतो त्याचं पाप मोठं, असं लोक धरून चालत. कुणी पटकन उठला तर म्हणत, "याने फार तर शेजाऱ्याचा नारळ उचलला असेल." कुणी रेंगाळला तर एकमेकांना कोपराने ढोसत. देवाच्या घरात बसून लोक दुसऱ्याच्या गुडघ्यांवर नजर ठेवत, आणि त्याची कुणाला लाज वाटत नसे.

आपोलिन जाळीच्या आड काय सांगायची ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. पण त्यानंतर ती बाकावर खूप वेळ बसायची, हे खरं. प्रायश्चित्ताच्या प्रार्थना केव्हाच संपलेल्या असायच्या. ती उठायची नाही, कारण सगळ्या गावात तेवढी एकच जागा होती जिथे तिला कुणी विचारत नव्हतं, कुठे होतीस म्हणून. ती डोळे मिटायची आणि नुसती श्वास घेत राहायची.

मागे, खांबाच्या आड, बस्त्याव उभा असायचा.

घड्याळ नव्हतं, पण त्याच्या हातात जपमाळ होती. आपोलिनने गुडघे टेकले की तो एकेक मणी सरकवायला लागायचा. त्याचे ओठ हलायचे, पण त्यांवर प्रार्थना नसायची. तो बायकोचं पाप मोजत असायचा. बाजूच्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "बस्त्याव बघा कसा भक्तीला लागलाय!"

एका शनिवारी अर्धी माळ झाली. पुढे पाऊण. मग एक पूर्ण माळ होऊन वर काही मणी सरकले. प्रत्येक शनिवारी बस्त्याव घरी जाताना अधिक काळवंडलेला असायचा. तो जितका काळवंडायचा तितके घरातले प्रश्न वाढायचे. प्रश्न जितके वाढायचे तितकी आपोलिन बाकावर जास्त वेळ बसायची. तो स्वतःच रहाट फिरवत होता आणि वर येणाऱ्या पाण्याला दोष देत होता.

शेवटी तो फादरांकडे गेला. फादर बागेत वांग्यांना पाणी घालत होते.

"फादर, एक विचारायचं होतं. माझी बायको तुम्हाला काय सांगते?"

फादरांनी झारी खाली ठेवली. "बस्त्याव, तू काय विचारतोयस ते तुला कळतंय का?"

"सगळं नको. नुसतं एवढं सांगा, मोठं आहे की लहान."

"मी कुणाचंच सांगत नाही. उद्या कुणी तुझं विचारायला आला, तर त्यालाही मी असंच परत पाठवीन."

"तोंडाने नका सांगू. मोठं असेल तर तुम्ही फक्त मान हलवा."

"घरी जा," फादर म्हणाले, "आणि मला पाणी घालू दे."

दुसरा कुणी असता तर शरमून घरी गेला असता. बस्त्याव मात्र वाटेत विचार करत गेला, की काहीच नसतं तर फादर सरळ म्हणाले असते, काही नाही म्हणून. ज्या मौनावर सगळ्या गावाचा विश्वास उभा होता, त्याच मौनाचा त्याने पुरावा करून टाकला.

त्या संध्याकाळी तो आपोलिनला म्हणाला, "मी मोजतोय. माझ्यापासून काही लपलेलं नाही."

"काय मोजताय?"

त्याने माळ तिच्यासमोर धरली आणि सांगितलं. खांब, मणी, एकेक शनिवार, सगळं सांगितलं, अगदी अभिमानाने.

आपोलिनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. तिची ती एक जागाही तिची राहिली नव्हती. ती तिथे डोळे मिटून बसायची तेव्हाही पाठीवर हे डोळे होते. ती अंगणात जाऊन बसली आणि बराच वेळ आत आलीच नाही.

पुढच्या शनिवारी तिने फादरांनी सांगितलेल्या प्रार्थना म्हटल्या आणि लगेच उठली. घरी आल्यावर बस्त्याव म्हणाला, "आज झटपट? म्हणजे खरं ते सांगितलंच नाहीस."

त्यापुढच्या शनिवारी ती गेलीच नाही. बस्त्याव म्हणाला, "आता देवासमोर जायलाही धजत नाहीस."

तेव्हा आपोलिनने हातातलं सूप खाली ठेवलं. "मी जास्त वेळ बसले तर पापी. कमी वेळ बसले तर पापी. गेलेच नाही तरी पापी. मला एक सांगा, मी काय केलं तर तुमच्या हिशेबात चांगली ठरेन?"

उत्तर सुचलं नाही की चुकीची माणसं गप्प बसत नाहीत, ती मोठ्यांकडे जातात. बस्त्याव मिंगेलबाबांकडे गेला.

मिंगेलबाबा गावातले सगळ्यात वयस्क. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नसे, कारण तशीच पद्धत होती, आणि पद्धत बरोबर की चूक हे विचारायची पद्धत नव्हती.

"त्यात काय एवढं?" मिंगेलबाबा म्हणाले. "आपल्याकडे क्रूस आहे ना! सणाच्या दिवशी देवळात मिस्साची प्रार्थना झाल्यावर तिला क्रुसाला हात लावू दे. शपथ घेईल, तू मोकळा, ती मोकळी, आम्ही जेवायला मोकळे."

देवळासमोर दगडाचा एक उंच क्रूस होता. ज्या बाईबद्दल नवऱ्याला संशय यायचा, तिने देवळाच्या सणाला सगळ्या गावादेखत त्यावर उजवा हात ठेवून, मी स्वच्छ आहे, असं म्हणायचं. पुरुषाने असा हात लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बाई खरं बोलली असं गाव मानायचंही. पण त्यानंतर तिला एक नाव चिकटायचं, हातवाली. तिने काय शपथ घेतली ते लोक विसरायचे. तिला शपथ घ्यावी लागली, एवढं मात्र तिच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत आठवणीत ठेवायचे.

गावात तेव्हा एकच हातवाली जिवंत होती. ती म्हणजे बस्त्यावची आई.

आपोलिनला निरोप कळला तेव्हा सासू अंगणात तांदूळ निवडत होती. आपोलिन तिच्यासमोर जाऊन बसली.

"आई, मला क्रुसापाशी उभं करणार आहेत."

"मग उभी राहा. मी नाही का राहिले? क्षणभराचं काम." सासू मान वर न करता म्हणाली. "संशय घेतात म्हणजे जीव असतो गं पोरी. ज्याला काही वाटत नाही तो विचारतही नाही."

"तुमच्यावर संशय घेतला तेव्हा तुम्हाला बरं वाटायचं?"

सासूचा हात तांदळात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. खडा नसलेल्या जागीही ती खडा शोधत राहिली.

"मी भाजी विकायचे," ती म्हणाली. "तू विकतेस तशीच. माझ्या जागेवर सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायचं. हात लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई तिच्या लेकीला हळूच म्हणाली, ती बघ, तीच ती. मी टोपली उचलली आणि घरी आले. परत गेले नाही."

आपोलिनला एकदम कळलं, की ही बाई दारासमोरच्या वाटेपलीकडे का जात नाही, आणि मिस्साला सगळ्यांच्या शेवटी का येते. इतकी वर्षं तिला वाटत होतं, सासूचे पाय दुखतात.

"पण घर टिकलं," सासू म्हणाली.

"घर टिकलं, आई. तुम्ही?"

सासूने सूप उचललं आणि ती आत गेली.

इथे काही मोठ्यांनी मान डोलावली असेल, की बघा, जुन्या बायका कशा सोसायच्या. डोलावू नका. ती म्हातारी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सणाच्या आदल्या दिवशी आपोलिनने बस्त्यावला सांगितलं, "मी हात लावणार नाही. मी याच देवळात एकदा शब्द दिला आहे. तो मी मोडलेला नाही. तो पुन्हा द्यायचा म्हणजे पहिला खोटा होता असं म्हणायचं. तसं मी म्हणणार नाही, मग गाव मला काहीही समजो."

"गाव तुला वाळीत टाकेल."

"टाकू दे. लाजून लाजून मी दमले आहे."

"आणि मी काय समजायचं?"

"ते तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "आजवर तुम्हीच ठरवत आलात."

सणाचा दिवस उजाडला. देवळाला केळीचे खांब बांधले होते, पताका लावल्या होत्या, त्या वाऱ्यावर फडफडत होत्या. सणाच्या मिस्साआधी प्रत्येकाने पापनिवेदन करायचं असतं. बस्त्यावही जाळीपुढे जाऊन बसला. आत काय झालं ते त्याने पुढे स्वतःच सांगितलं, म्हणून मला सांगता येतं.

त्याने सुरुवात केली. माझी बायको असं करते, माझी बायको तसं करते, ती हसते, ती उशिरा येते, ती शपथ घ्यायला तयार नाही.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तू?"

"मी काय?"

"तू आत आल्यापासून एका बाईची पापं सांगतोयस. ती तिची तिने सांगायची. तुझं काय आहे ते सांग. तू काय पाहिलंस?"

बस्त्यावने आठवून पाहिलं. एक हसू पाहिलं होतं. देवळात वाहिलेली फुलं पाहिली होती. तुटलेली चप्पल पाहिली होती, ती तिने स्वतःच दाखवली होती. गुडघे पाहिले होते.

"काही नाही," तो म्हणाला. हे बोलताना त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"प्रायश्चित्त म्हणून एकदा 'नमो मारिया' म्हण," फादर म्हणाले.

"एकदाच?"

"एकदाच. पण म्हण."

एवढी लहानशी प्रार्थना! गावातली पोरं ती पळता पळता म्हणत. बस्त्यावने बाकावर गुडघे टेकले आणि सुरुवात केली. त्या प्रार्थनेत पवित्र आईला म्हणायचं असतं, स्त्रियांमध्ये तू धन्य. तो तिथपर्यंत आला आणि अडला.

स्त्रियांमध्ये. त्याच्या डोळ्यांपुढे देवमातेची मूर्ती येईना. चप्पल हातात धरून उभी राहिलेली आपोलिन येत होती. मग टोपली उचलून बाजारातून घरी येणारी एक तरुण बाई आली, आणि तिच्या मागे मागे चालणारा एक लहान मुलगा, ज्याला त्या दिवशी पोरांनी हातवालीचा म्हणून चिडवलं होतं. तो मुलगा तो स्वतः होता. तेव्हा त्याला बापाची लाज वाटायला हवी होती. त्याला आईची वाटली होती.

त्याने प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा तिथेच अडला. पुन्हा सुरू केली. लोक येत होते, प्रार्थना म्हणत होते, उठून जात होते. बस्त्याव बाकावर तसाच होता.

मग मागून कुजबुज सुरू झाली.

"अगं, हा अजून उठला नाही?"

"मगाचपासून आहे. मी आले तेव्हाही होता."

"एवढं काय केलं असेल गं याने?"

"लोकांच्या वाड्यांमध्ये रहाट बसवायला जातो ना. दुपारी घरात बायकाच असतात."

"म्हणून बायकोवर उलटा आळ घेतो होय? आत्ता कळलं!"

कुणीतरी फिसकन हसलं. बस्त्यावचे कान तापले. मागे वळून ओरडावंसं वाटलं, की मला फक्त एकच प्रार्थना सांगितली आहे, फक्त एक, हवं तर फादरांना विचारा! आणि त्याच क्षणी त्याला समजलं, की फादर सांगणार नाहीत. ते कधीच कुणाचं सांगत नाहीत. तो किती वेळ बसला यावरून लोक त्याचं पाप ठरवणार होते, आणि खरं काय ते तो एकटाच जाणणार होता.

जशी ती एकटी जाणत होती.

त्याने तोंड हातांच्या ओंजळीत लपवलं. लाज शेवटी आपल्या घरी पोहोचली होती.

मिस्सा झाला. लोक क्रुसाभोवती जमले. मिंगेलबाबांनी काठी आपटली. "आपोलिन, पुढे ये."

आपोलिन हलली नाही. तेवढ्यात गर्दीच्या शेवटी उभी असलेली सासू वाट काढत पुढे आली आणि तिने सुनेचं मनगट धरलं. लोकांना वाटलं, ही तिला क्रुसाकडे नेणार.

"जाऊ नकोस," सासू म्हणाली.

"म्हातारे, मध्ये पडू नकोस," मिंगेलबाबा गुरकावले.

तेव्हा बस्त्याव पुढे झाला. त्याचे गुडघे आखडले होते, तो लंगडत चालत होता. त्याने क्रुसावर उजवा हात ठेवला.

"अरे, तू कशाला?" मिंगेलबाबा ओरडले. "पुरुषाने हात लावायचा नसतो. काढ!"

"का बाबा? पुरुषांना दगड पोळतो का?"

गर्दीत कुणीतरी खोकलं.

"माझ्या बायकोने काही केलेलं नाही," बस्त्याव म्हणाला. "मी काही पाहिलं नव्हतं. पाहिलं असं स्वतःला सांगत होतो. ती देवासमोर बसायची आणि मी मागे उभा राहून जपमाळेवर तिचे गुडघे मोजत होतो. ही माझी शपथ." मग तो आईकडे वळला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "आई, तुझ्या वेळीही कुणी काही पाहिलं नव्हतं ना?"

म्हातारीने सगळ्या गावाकडे एकदा नजर फिरवली. तिच्याकडे पाहणारं कुणी नव्हतं. सगळे जमिनीकडे पाहत होते.

"नव्हतं," ती म्हणाली.

सणाचं जेवण त्या वर्षी फारसं कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. मिंगेलबाबांनी तर पानही मांडू दिलं नाही. कुजबुजणाऱ्या बायकांनी एकमेकींशी बोलणं टाळलं. पुढे कधी एखादा नवरा बायकोची तक्रार घेऊन आला, तर लोक त्याला म्हणत, "क्रूस तिथे आहे. आधी तू हात लाव आणि काय पाहिलंस ते सांग." बहुतेक जण तिथूनच परत जात.

बस्त्यावला गाव हातवाला म्हणू लागलं. त्याने ते नाव उतरवायचा प्रयत्न केला नाही.

आणि आपोलिन? तिने धावत जाऊन त्याच्या गळ्यात हात टाकले, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण तसं झालं नाही. सणाच्या संध्याकाळी बस्त्यावने तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफ केलं. माझा धर्म ते मागतो, आणि माझ्या मनातही तुमचं वाईट नाही. पण विश्वास मागू नका. तो तुमच्याकडून कमी पडला होता. आता माझ्याकडे कमी आहे. वाट बघा."

तो वाट बघत राहिला.

खूप दिवसांनी तो एकदा कामावरून लवकर परतला. घरात कुणी नव्हतं. चूल थंड होती. तो पायरीवर बसला. जुना प्रश्न त्याच्या जिभेवर आला, आणि त्याबरोबर चेहऱ्यावर लाजेची गरम लाट आली. त्याने प्रश्न गिळला. उठून चूल पेटवली, भात टाकला.

अंधार पडायच्या सुमारास आपोलिन आली. बरोबर सासू होती. दोघींच्या डोक्यावर रिकाम्या टोपल्या होत्या. त्याने दोघींना तांब्याभर पाणी आणून दिलं.

कुठे होतात, ते त्याने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आपोलिनने भाताचं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "पाणी जास्त झालंय."

"पेज समजून खाऊ," म्हातारी म्हणाली.

आणि तिघं जेवायला बसली.

तात्पर्य: निराधार संशयाची लाज संशय घेणाऱ्याची असते, ज्याच्यावर संशय घेतला त्याने ती आपल्या अंगावर घेऊ नये, आणि गावाने ती त्याच्या अंगावर टाकू नये.